कठडा कोणी बांधावा?

पवित्र शास्त्रात अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक लहानशी आज्ञा आहे. पाखराच्या घरट्याविषयीचा नियम संपतो आणि द्राक्षमळ्यात दोन जातींचे बी पेरू नये हा नियम सुरू होतो. त्या दोहोंच्या मध्ये ती येते आणि बहुधा आपण ती न थांबता वाचून पुढे जातो. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा. तो न केल्यामुळे कोणी खाली पडला, तर त्या रक्ताचा दोष घरावर येईल, असा तिचा आशय आहे.

कनान देशातील घरे धाब्याची असत आणि धाबे हा घराचा राबता भाग होता. राहाबेने हेरांना लपवले ते धाब्यावर पसरलेल्या जवसाच्या काड्यांखाली. पेत्र यापो येथे प्रार्थनेसाठी गेला तोही धाब्यावरच. तेथे माणसांचा वावर राहणार, मुले खेळणार, हे बांधणाऱ्याला ठाऊक असते. म्हणून ही आज्ञा त्याला उद्देशून आहे. पडणारा मनुष्य बेसावध होता काय, मूल व्रात्य होते काय, त्या वेळी आईचे लक्ष कोठे होते, यांपैकी एकही प्रश्न ती विचारीत नाही. शिवाय ती लागू होते ती घर बांधताना, म्हणजे कोणी पडण्याच्या कितीतरी आधी.

वाचकहो, या आज्ञेकडे मी वळलो तो निव्वळ अभ्यासाच्या ओढीने नव्हे. त्याला एक प्रसंग कारण झाला, आणि त्या प्रसंगात माझी बाजू फारशी अभिमानास्पद नाही.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी आमच्या मंदिरात गीतांची उपासना असते. दिवे मालवून प्रत्येकाने हाती पेटती मेणबत्ती धरावयाची, हा जुना परिपाठ. शब्बाथशाळेची मुलेही ओळीने उभी राहतात, आणि त्यांचे नायलॉनचे फ्रॉक व पुढच्या मुलीची वेणी पाहून शिक्षकांचा जीव दर वर्षी टांगणीला लागतो. म्हणून एका वर्षी, मुलांच्या सुरक्षिततेसाठीच, आम्ही मुलांना बॅटरीवर चालणाऱ्या मेणबत्त्या देण्याचे ठरविले. खरेदी माझ्याकडे होती. घाऊक बाजारातून साठ नग आणले. वस्तू मोठी सुबक होती. प्लॅस्टिकची इवलीशी ज्योत अगदी खऱ्यासारखी लुकलुकत असे. उपासना सुंदर झाली. नाताळची आठवण म्हणून मेणबत्त्या घरी न्या, असे आम्हीच मुलांना सांगितले.

दुसऱ्या दिवशी पहाटे एका घरात चौदा महिन्यांची मुलगी त्या मेणबत्तीशी खेळताना आढळली. थोरल्या भावाने ती रात्री उशाशी ठेवली होती. तिच्या बुडाचे झाकण निघाले होते आणि आतला सेल जागेवर नव्हता. अंथरूण झटकून झाले, मुलीच्या तोंडात बोट घालून झाले (तसे करू नये, हे पुढे सांगतो), आणि मग आईबाप तिला घेऊन रुग्णालयात धावले. एक्स-रे काढला. गळ्यापासून पोटापर्यंत काही दिसले नाही. दुपारी बापाने बाहेर जाण्यासाठी बूट घातला तेव्हा सेल त्याच्या पायाला लागला.

पुढच्या रविवारी त्या मुलीच्या आईने मला मंदिराच्या पायरीवर थांबविले. तिच्या आवाजात राग नव्हता. ती म्हणाली, “सर, एक विचारू का? मेणबत्त्या मुलांच्या हातात देण्याआधी एखादी तरी उघडून पाहिली होती का हो तुम्ही?” मी तत्काळ उत्तर दिले, “अहो, एवढ्या लहान मुलांवर घरच्यांनीच लक्ष ठेवायला हवं.” ती काही बोलली नाही. मुलीला खांद्यावर घेऊन निघून गेली.

घरी आल्यावर उरलेल्या मेणबत्त्यांपैकी एक मी उलटी करून पाहिली. अंगठ्याच्या नखाने झाकण सरकले. आत रुपयाच्या नाण्याएवढी चकचकीत चकती होती. झाकणाला स्क्रूची जागाच नव्हती.

ही चकती काय करते, हे मी त्यानंतर समजून घेतले, आणि ते आपणही समजून घ्यावे अशी माझी विनंती आहे. कारण आपल्या घरातील जुने शहाणपण येथे दगा देते. मुलाने नाणे गिळले तर घाबरू नये, केळी खाऊ घालावी, दोन-चार दिवसांत पोटातून निघून जाईल, असे आपल्या आजींनी सांगितले आणि पुष्कळदा तसे घडलेही. नाणे पोटात पोहोचले की बहुधा बाहेर पडते. सेल मात्र दिसतो नाण्यासारखा आणि वागतो अगदी निराळा. लिथियमचा जो सेल सर्वत्र आढळतो त्याच्यावर २०३२ असा आकडा असतो. त्याचा व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, आणि दाब ३ व्होल्ट. लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकून बसण्यास हा आकार नेमका पुरेसा आहे. तेथील ओल्या त्वचेमुळे त्याच्या दोन्ही बाजूंमधून वीज वाहू लागते. सेल फुटावा लागत नाही, गळावा लागत नाही. त्या विजेने ऋण बाजूला कॉस्टिक सोड्याच्या जातीचा तीव्र क्षार तयार होतो आणि नलिकेची भिंत जळू लागते. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. घड्याळ किंवा रिमोट चालविण्यास निकामी म्हणून आपण काढून ठेवलेला सेलही एवढे काम करण्याइतका जिवंत असतो. सेल बाहेर काढल्यानंतरही धोका टळत नाही. भाजलेली भिंत काही दिवसांनी किंवा आठवड्यांनीही झिरपून श्वासनलिकेत, क्वचित हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीत, छिद्र पडू शकते.

सर्वांत फसवी गोष्ट ही की मूल बहुधा काही सांगत नाही. लाळ गळते, खोकला येतो, ते खात नाही, चिडचिड करते. ही लक्षणे कोणत्या घरात दर पावसाळ्यात दिसत नाहीत? आईला सर्दी वाटते, वैद्यालाही आरंभी सर्दीच वाटू शकते. एक्स-रेवर तो गोल नाण्यासारखाच दिसतो. नीट पाहिले तर कडेला एकात एक अशी दोन वर्तुळे दिसतात आणि त्यावरून जाणकार डॉक्टर तो ओळखतो.

बारीक तुकड्यांची गोष्ट वेगळी आणि अधिक जुनी. मणी, चिंचोका, शेंगदाणा, फुटाणा, बाहुलीचा डोळा, मोटारीचे चाक: ही श्वासनलिकेत गेली तर दोन तासही मिळत नाहीत, काही मिनिटांचाच प्रश्न असतो. मूल वस्तू तोंडात घालते ते खोडीने नव्हे. जग ओळखण्याचे त्याचे ते पहिले साधन आहे. त्याच्या दाढा आलेल्या नसतात, खोकल्याचा जोर कमी असतो आणि नलिका अरुंद असते. या सर्वांचा विचार करून अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने १९७९ साली एक साधे माप ठरविले. आतून ३१.७ मिलिमीटर रुंदीची, तिरप्या बुडाची एक नळकांडी. तीन वर्षांखालील मुलांचे खेळणे, किंवा त्याचा निघणारा वा तुटणारा तुकडा, तिच्यात पूर्ण मावला तर ते खेळणे बाद. आपले दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे आहे, यावरून त्या तोंडाचा अंदाज येईल. हेच माप पुढे देशोदेशींच्या नियमांत गेले. आपल्याकडील आयएस ९८७३ या मानकातही तेच आहे. कोणी तरी बाळाचा गळा समोर ठेवून कारखान्यांना माप घालून दिले, ही गोष्ट मला कोणत्याही धर्मोपदेशाइतकी आदरणीय वाटते. फुग्याचे रबर मात्र या नळकांडीला दाद देत नाही. ते मऊ असल्यामुळे कोणत्याही आकाराचे होऊन गळ्यावर घट्ट बसते. वाढदिवसाला आणि नाताळला फुटलेल्या फुग्यांचे तुकडे उपासनागृहाच्या सतरंजीवर पडलेले आपण सर्वांनीच पाहिले असतील.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. सेल बुटात सापडला, मुलीच्या गळ्यात नव्हे. यात माझे कर्तृत्व काय? काहीही नाही. तो कोठे घरंगळला हे एका बाळाच्या हाताच्या झटक्याने ठरले. समजा तो गळ्यात गेला असता. मग साऱ्या मंडळीने मला दोषी मानले असते, आणि मीही स्वतःला तसेच मानले असते. प्रत्यक्षात काही घडले नाही म्हणून मी रविवारी नेहमीप्रमाणे वर्ग घेतला. दोन्ही प्रकारांत मी केले ते तेच: न उघडता साठ मेणबत्त्या वाटल्या. मग माझा दोष परिणामावर अवलंबून कसा? ज्याच्या बिनकठड्याच्या धाब्यावरून आजवर कोणी पडले नाही, तो घरधनी निर्दोष, आणि ज्याच्या घरी पाहुण्याचा पाय घसरला तेवढा अपराधी, असे म्हणावयाचे काय? मोशेची आज्ञा घर बांधतानाच हे काम सांगते, म्हणून कठडा न बांधण्याच्या क्षणीच ती मोडलेली असते. कोणी पडले की तो दोष उघडा होतो एवढेच.

यावर एक रास्त आक्षेप येईल: मला ठाऊक नव्हते. अज्ञानाने झालेल्या कृत्याला ज्ञानपूर्वक केलेल्या कृत्याइतके दूषण का द्यावे? शास्त्र हा भेद मान्य करते. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाचा कायदा आहे. बैलाने एखाद्यास हुंदडून मारले तर बैलाला ठार करावे, धनी निर्दोष. परंतु बैलाला मारण्याची खोड पूर्वीपासून असेल, धन्याला तशी सूचना दिलेली असेल, आणि तरीही त्याने त्याला बांधून ठेवले नसेल, तर त्याचा न्याय अगदी निराळा आहे. तेथे धन्याचाही जीव पणाला लागतो. दोन्ही वेळी शिंग एकच, मृत्यू एकच. मध्ये फक्त एक गोष्ट आली आहे: कोणी तरी येऊन धन्याला सांगितले होते.

या बैलाविषयी जगाला सांगून झाले आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात लबक शहरी २०२० साली रीस नावाची दीड वर्षाची मुलगी आजारी पडली. प्रथम तो घशाच्या सुजेचा खोकला वाटला. मग घरातील रिमोटमधला सेल नाहीसा असल्याचे आईच्या ध्यानात आले. पुढे शस्त्रक्रिया झाल्या, पण १७ डिसेंबर २०२० रोजी ती मुलगी गेली. तिच्या आईने आपले दुःख घराच्या चार भिंतींत ठेवले नाही. १६ ऑगस्ट २०२२ रोजी तेथे कायदा झाला व त्याला त्या मुलीचेच नाव मिळाले. खेळण्यांतील सेलचे झाकण लहान मुलाला उघडता येऊ नये हा दंडक तेथे पूर्वीच होता. रिमोट, वजनकाटा, शुभेच्छापत्र, शोभेची मेणबत्ती यांना तो लागू नव्हता. नव्या कायद्याने तो घरातील अशा वस्तूंना लावला. ऑस्ट्रेलियाने त्याआधी, २०२० साली, असे सक्तीचे नियम केले व २२ जून २०२२ पासून ते अमलात आणले. तसे करणारा तो पहिला देश.

आपल्याकडे खेळण्यांच्या गुणवत्तेविषयीचा केंद्र सरकारचा आदेश २०२० साली निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. विजेवर व बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ हे वेगळे मानक आहे. तेव्हा चिन्ह पाहून खेळणे घ्यावे, हे उघडच आहे. पण माझी मेणबत्ती खेळणे नव्हतीच! ती सजावटीची वस्तू होती. कायद्याला खेळणे आणि सजावट यांत फरक कळतो, चौदा महिन्यांच्या मुलीला कळत नाही. तिच्या लेखी चकाकणारी प्रत्येक वस्तू खेळणे असते. लेवीय पुस्तकात आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवण्यास मनाई आहे, ती या ठिकाणी मला फार बोचते. आंधळ्याला दगड दिसत नाही, बाळाला सेल कळत नाही, आणि दोघांचीही वाट दुसऱ्याच्याच प्रामाणिकपणावर सोपविलेली असते.

“घरच्यांनी लक्ष ठेवायला हवं” हे माझे उत्तर खोटे नव्हते. घरच्यांनी लक्ष ठेवायलाच हवे. तरीही ते उत्तर काइनाने परमेश्वराला दिलेल्या उत्तराच्या जातीचे होते. कारखानदार म्हणतो, दुकानदाराने पाहावे. दुकानदार म्हणतो, गिऱ्हाईक स्वस्त मागते. मी म्हणतो, पालकांनी पाहावे. असे करीत करीत साऱ्यांचे ओझे शेवटी एका आईवर येऊन पडते, जी पहाटे पाण्याच्या हंड्याशी उभी असते. आणि तिच्याकडे सोपविलेले काम तरी कसे? क्षणभरही डोळे न मिटता पाहत राहण्याचे! असे काम कोणत्याही माणसाच्याने होत नाही. कठड्याची गरज त्याचसाठी आहे.

येथे गरिबीचाही विचार केला पाहिजे. जत्रेत लेकराने हट्ट धरला की मजुरीवर जगणारा बाप वीस-तीस रुपयांचे लुकलुकणारे खेळणे घेतो, चिन्ह असलेले महाग खेळणे घेत नाही. त्याला आपण नीतिपाठ द्यावयाचा काय? मला ते जमत नाही. सुरक्षितता ही ऐपत असणाऱ्यांनी विकत घेण्याची वस्तू झाली, तर कठडा फक्त माडीवाल्यांच्या घरी राहील. म्हणूनच सक्तीचा नियम हवा आणि त्याची अंमलबजावणी हवी. तो गरिबाच्या आनंदावरचा घाला नव्हे. आमच्यातील काही मंडळी म्हणतात की त्यापेक्षा जुनी लाकडी खेळणीच बरी. सावंतवाडीची रंगीत लाकडी फळे मलाही प्रिय आहेत, पण त्यांतले आवळ्याएवढे फळ एक वर्षाच्या मुलाच्या हाती मी देणार नाही. वस्तू जुनी आहे म्हणून नळकांडी तिला सूट देत नाही.

आता या विषयातील सर्वांत नाजूक भागाकडे येतो. असे एखादे मूल गेले की आपल्या मंडळ्यांत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक: देवाची इच्छा. दुसरे, जरा हलक्या आवाजात: आई काय करीत होती? ही दोन्ही वाक्ये एकाच घरात, एकाच दुपारी, एकाच तोंडून निघालेली मी ऐकली आहेत, आणि ती परस्परविरोधी आहेत हे बोलणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

परमेश्वराने दिले व त्यानेच नेले, हा ईयोबाचा उद्गार आपण फार सैलपणे वापरतो. तो ईयोबाने स्वतःच्या दुःखाविषयी काढला होता. त्याच्या मित्रांना तो काढण्याचा अधिकार नव्हता, आणि आरंभी त्यांनी काढलाही नाही. सात दिवस ते त्याच्याजवळ मुकाट्याने जमिनीवर बसून राहिले. साऱ्या पुस्तकात त्यांनी केलेले चांगले काम तेवढेच. एखादी आई आपल्या तोंडाने म्हणाली की प्रभूने नेले, तर आपण मान लववावी. पण बिनस्क्रूची वस्तू करणाऱ्याने, विकणाऱ्याने किंवा माझ्यासारख्या वाटणाऱ्याने तेच शब्द उच्चारले, तर ते देवाच्या नावाखाली स्वतःची सुटका करून घेणे आहे. देवाची इच्छा काय होती हे या बाबतीत तरी गूढ नाही. कठडा बांधावा, ही त्याची इच्छा होती.

दुसऱ्या वाक्याविषयी प्रभूची वृत्ती स्पष्ट आहे. जन्मांधाला पाहून शिष्यांनी विचारले की पाप कोणाचे, याचे की आईबापांचे; प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हाही ती इतरांहून अधिक दोषी नव्हती असे त्याने सांगितले आणि ऐकणाऱ्यांना आपापल्या अंतःकरणाकडे वळविले. त्या बुरुजाच्या कारागिरांची चौकशी झाली की नाही हे लूक सांगत नाही. मेलेल्यांची चौकशी करणे मात्र प्रभूने तेथल्या तेथे थांबविले. आपण ज्या घरी सांत्वनाला जातो, तेथे आईची उलटतपासणी घेऊ नये. ती स्वतःची उलटतपासणी रोज रात्री घेत असते.

प्रत्यक्ष प्रसंग आलाच तर काय करावे, तेही सांगतो. मुलाच्या श्वासनलिकेत काही अडकले आणि ते जोराने खोकत असेल, तर त्याला खोकू द्यावे. खोकला, रडणे, श्वास बंद पडत असेल आणि मूल वर्षाच्या आतले असेल, तर त्याला आपल्या बाहूवर पालथे, डोके खाली करून धरावे, दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा माराव्यात, मग उताणे करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच वेळा दाबावे, आणि हे आलटून पालटून करीत राहावे. वर्षावरील मुलास पुढे वाकवून पाठीवर तशाच पाच थापा द्याव्यात. तेवढ्याने भागले नाही तर मागे राहून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत व वरच्या दिशेने पाच झटके द्यावेत. मदतीला हाक दुसऱ्याने मारावी. न दिसणाऱ्या वस्तूसाठी तोंडात बोट घालू नये. ती आणखी खाली जाते.

सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी त्याच घटकेला एक्स-रे असलेल्या मोठ्या रुग्णालयात जावे आणि दारातच “सेल गिळला असावा” असे स्पष्ट शब्दांत सांगावे. सकाळपर्यंत वाट पाहू नये, ओकारी काढू नये, केळे भरवू नये. मूल एक वर्षाहून मोठे असेल, त्याला गिळता येत असेल आणि बारा तास उलटलेले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा, द्यावा असे अमेरिकेतील विषबाधा केंद्राचे मार्गदर्शन आहे. मधामुळे दाह काहीसा मंदावतो. मात्र मध शोधण्यात वेळ दवडू नये, आणि वर्षाखालील मुलास तो मुळीच देऊ नये. नाकात किंवा कानात घातलेला सेलही तितक्याच तातडीने काढवून घ्यावा.

त्या रविवारनंतर तीन आठवड्यांनी मी त्या कुटुंबाकडे गेलो. काय बोलावयाचे याची तयारी केली होती, पण दारातच ती विसरली. मी एवढेच म्हणालो, “बाई, मी उघडून पाहिली नव्हती.” त्यांनी मला बसावयास सांगितले आणि चहा टाकला. मुलगी सतरंजीवर वाटी आपटीत होती. दूरदर्शन संचाच्या रिमोटला त्यांनी मागून चिकटपट्टी गुंडाळली होती. चहा घेताना त्यांनी विचारले, “बाकीच्या मेणबत्त्या कुठायत, सर?”

हा प्रश्न मला तोवर सुचला नव्हता. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून सूचना दिली, मी वर्गाच्या हजेरीपटावरून घरोघर गेलो. काहींनी हसून दिल्या, काहींना राग आला, एका आजोबांनी ती देव्हाऱ्यासारखी येशूच्या तसबिरीपुढे ठेवली होती ती काढून द्यायला ते तयार होईनात. त्यांच्या झाकणावर मी तेथेच पट्टी चिकटवली. प्रत्येक सेल काढून त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावली आणि सारे एका घट्ट झाकणाच्या डब्यात घालून जुन्या बॅटऱ्या परत घेणाऱ्या दुकानात दिले.

साठपैकी सत्तेचाळीस मेणबत्त्यांचा हिशेब लागला. एक नाताळच्या सुट्टीत मामाच्या गावी गेली होती. तेथे पत्र टाकले आहे, उत्तर आलेले नाही. बाकीच्या बारा कोठे आहेत, हे मुलांनाही आठवत नाही.